फेसबुकची ऍड लायब्ररी वापरून बघितली: गोव्यातल्या 'न्यूज' पेजवाल्यांना पैसे कोण देतं ते कळतं का?

आधी माझं सांगून टाकतो, मग रिव्ह्यू. म्हापशात माझा छोटा छापखाना आहे. लग्नपत्रिका, बिलबुकं, देवळातल्या उत्सवाची हँडबिलं, आणि निवडणूक आली की उमेदवारांची पत्रकं. सगळ्या पक्षांची छापतो, पैसे घेऊन छापतो, आणि निवडणुकीचं काम उधारीवर करत नाही (का ते कुठल्याही छापखानेवाल्याला विचारा). वर माझा सख्खा भाचा एका पक्षाच्या सोशल मीडिया टीममधे पगारावर आहे. म्हणजे राजकारणातला थोडा पैसा आमच्याही घरात येतो. एवढं वाचून ज्यांना पुढे वाचावंसं वाटत नाही त्यांनी इथेच थांबा, राग नाही.

तर वस्तू अशी की मेटा कंपनीची ऍड लायब्ररी, म्हणजे फेसबुक-इन्स्टाग्रामवर पैसे भरून चालवलेल्या जाहिरातींचं उघडं दफ्तर. फुकट आहे, तुमचं फेसबुकवर खातं नसलं तरी उघडतं. भारतात २०१९ च्या लोकसभेच्या तोंडावर, फेब्रुवारी महिन्यापासून, राजकीय जाहिरातीवर पैसे कुणी भरले ही ओळ सक्तीची झाली, आणि अशी जाहिरात बंद पडली तरी सात वर्षं दफ्तरात राहते. बाकीच्या, म्हणजे साबण, फ्लॅट, कॅसिनो वगैरे, चालू आहेत तोपर्यंतच दिसतात, मग गायब. हा फरक लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मला ही कशाला लागली? विधानसभा २०२७ च्या सुरवातीला आहे आणि आत्तापासूनच प्रत्येक तालुक्यात हातात लोगोवाला माइक घेतलेली पोरं फिरायला लागलीत. आज पेज सुरू, पुढच्या आठवड्यात आमदाराची मुलाखत, त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याच आमदाराच्या विरोधकाची 'पोलखोल'. यात खरोखर जीव तोडून काम करणारी पोरं पण आहेत हं, जमिनीच्या झोन बदलाच्या फायली असोत, म्हादईचं पाणी असो, मोलेच्या जंगलातले प्रकल्प असोत, कित्येक गोष्टी पेपरात यायच्या आधी या पेजवर आल्या. प्रश्न असा की यातलं कोण मनाने लिहितोय आणि कोण पॅकेजवर लिहितोय ते माझ्यासारख्या वाचणाऱ्याला कळायचं कसं. म्हणून म्हटलं बघू या दफ्तरात काय मिळतं.

वापरायला सोपी आहे. देश भारत, प्रकार म्हणून सामाजिक मुद्दे, निवडणूक वा राजकारण असं निवडायचं, मग पेजचं नाव किंवा एखादा शब्द टाकायचा. जाहिरात उघडली की पैसे भरणाऱ्याचं नाव, कधीपासून कधीपर्यंत चालली, साधारण किती खर्च, किती वेळा दिसली, बघणाऱ्यांत बायका किती पुरुष किती, वय काय, कुठल्या राज्यात दिसली, एवढं सगळं येतं. खर्चाचा आकडा नेमका नसतो, इतक्यापासून इतक्यापर्यंत असा असतो, पण चालतंय. वेगळा एक रिपोर्टही आहे, त्यात राज्यवार बघता येतं, गोवा निवडला की मागच्या ७, ३० किंवा ९० दिवसांत कुठल्या पेजने किती घातले त्याची उतरती यादी. कुणाचंही उगाच नाव घेत नाही, तुम्ही स्वतः बघा, पहिल्या पाचदहा नावांत तुम्हाला न कळणारं एखादं पेज असतंच, ज्याचं नाव ना पक्षाचं ना नेत्याचं, काहीतरी 'आवाज', 'विकास', 'पुढे चला' असलं.

मला सगळ्यात आवडलेली सोय मात्र लायब्ररीत नाही, तिच्या शेजारी आहे, पेजची पारदर्शकता नावाची. पेज कधी काढलं, आधी त्याची नावं काय काय होती, चालवणारी माणसं कुठल्या देशात बसलीत, ते तिथे लिहिलेलं असतं. इथे मी संध्याकाळच्या संध्याकाळ घालवल्या, खोटं कशाला बोला. एक तडफदार न्यूज पेज आधी सेकंडहँड बाइक विकायचं पेज होतं, दुसरं एक सणांच्या शुभेच्छांचं. म्हणजे आधी शुभेच्छा टाकून लोक जमवायचे, आणि भरपूर लोक जमले की पाटी बदलायची. आपण गणपतीच्या फोटोला लाइक केलं होतं आणि आता आपल्याला सकाळ-संध्याकाळ एका माणसाचं कार्यसम्राट कौतुक वाचायला मिळतंय ते का, याचं उत्तर तिथे आहे. ही सोय पाचपैकी पाच.

आता रड. पहिली, शोधणं. गोव्यात एकच गोष्ट लोक चार प्रकारे लिहितात, देवनागरी मराठी, देवनागरी कोंकणी, रोमी (म्हणजे रोमन लिपीतली) कोंकणी आणि इंग्लिश. पणजी टाकलं तर एक यादी, पणजें टाकलं तर दुसरी, इंग्लिशमधे टाकलं तर तिसरीच. फोटोवर छापलेला मजकूर, जो आपल्याकडे नव्वद टक्के वेळा फोटोवरच असतो, तो मला तरी शब्द टाकून सापडला नाही. दुसरी, पैसे भरणाऱ्याच्या जागी कित्येकदा परत पेजचंच नाव. 'अमुक आवाज' या पेजच्या जाहिरातीचे पैसे कुणी भरले तर 'अमुक आवाज' ने. झालं समाधान! तिसरी आणि वाईट, जाहिरात राजकीय आहे हे आधी जाहिरात देणाऱ्यानेच सांगायचं असतं. नाही सांगितलं आणि मेटाने पकडलं तर ती बंद होते आणि ओळ न लावता चालली असा शेरा बसून दफ्तरात जाते. नाही पकडलं तर ती साबणाच्या जाहिरातीसारखी, चालू आहे तोवर दिसणार, मग पुरावाच नाही. म्हणून संशयास्पद काही दिसलं तर तिथल्या तिथे स्क्रीनशॉट काढा, उद्यावर ठेवू नका.

पण या सगळ्या किरकोळ तक्रारी. खरी गोष्ट मला कळली ती शुक्रवारच्या बाजारात चहा पिताना. एक ओळखीचा पोरगा आहे, असंच एक पेज चालवतो, हुशार आहे, कॅमेरा चांगला धरतो. त्याला म्हटलं मी असं असं शोधतोय. तो हसायलाच लागला. म्हणाला, "भाई, बूस्ट, म्हणजे फेसबुकला पैसे भरून पोस्ट पसरवणं, कोण करतो आता? बूस्ट केलं की नाव येतं. मला पैसे हातात देतात, मी पोस्ट टाकतो, लोक शेअर करतात, फेसबुकला एक रुपया जात नाही. तुमच्या लायब्ररीत काय येणार, कपाळ?" मी विचारलं रेट काय रे. तर म्हणाला पोस्टचा वेगळा, लाइव्हचा वेगळा, मुलाखतीचा वेगळा, "आणि भाई, एखादी बातमी टाकायची नाही असं असलं तर तिचा सगळ्यात वर."

इथे माझा कप खाली आला. ऍड लायब्ररी फेसबुकला पैसे कुणी दिले ते सांगते. लिहिणाऱ्याला कुणी दिले ते तिला माहीतच नाही, आणि माहीत असायचं कारणही नाही, तो व्यवहार तिच्या गल्ल्यातून जातच नाही. आणि गप्प बसायचे पैसे? त्याची नोंद जगातल्या कुठल्या दफ्तरात होणार? जी पोस्ट आलीच नाही तिच्यावर लेबल कुठे लावणार?

आता छापखानेवाला म्हणून बोलतो. लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १२७ क. निवडणुकीचं कुठलंही पत्रक, पोस्टर छापायचं तर त्यावर छापणाऱ्याचं आणि प्रकाशकाचं नाव पत्ता पाहिजे. नुसतं तेवढंच नाही, छापून घेणाऱ्याने दोन प्रतींत डिक्लरेशन द्यायचं, त्यावर त्याची सही, त्याला व्यक्तिशः ओळखणाऱ्या दोघांच्या सह्या, मग मी त्यातली एक प्रत आणि पत्रकाची एक प्रत जिल्हाधिकाऱ्यांकडे पाठवायची. चुकलं तर सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन हजारांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. पाच बाय आठचं हँडबिल, वॉर्डात पाचशे घरं, त्याच्यासाठी एवढा व्याप. आणि मला त्याचा राग नाही, उलट बरं आहे, कारण उद्या त्या पत्रकात कुणाची बदनामी निघाली तर पोलीस माझ्या दारात येतात, मी डिक्लरेशन पुढे करतो, छापून घेणारा सापडतो. पैसे घेऊन छापणं मी लपवत नाही आणि त्यात लाजण्यासारखं पण काही नाही. मग तोच मजकूर जो पोरगा मोबाईलवर टाकतो आणि पाचशे नाही पन्नास हजार लोकांपर्यंत नेतो, त्याने खाली एक ओळ लिहायला काय जातं? 'या पोस्टचे पैसे मला अमुक उमेदवाराने दिले.' एक ओळ.

लोक म्हणतील नियम आहेत की. आहेत. निवडणूक आयोगाने २५ ऑक्टोबर २०१३ लाच सांगितलंय की उमेदवाराने अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात आपली सोशल मीडियाची खाती द्यायची, इंटरनेटवरची राजकीय जाहिरात आधी मंजूर करून घ्यायची, आणि खर्चात नुसती जाहिरात नाही तर मजकूर बनवायचा खर्च, टीमचे पगार, हे पण धरायचं. म्हणजे त्या पोराला दिलेले पैसे कायद्याने उमेदवाराच्या हिशेबात यायलाच पाहिजेत. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब जमा करावा लागतो आणि एक रुपया फी भरून कुणीही तो बघू शकतो. एक रुपया! गोव्यात विधानसभेच्या उमेदवाराला मर्यादा २८ लाख. त्यात मांडव, गाड्या, जेवण, माझ्यासारख्याचं छपाईचं बिल हे सगळं असतं, पण पेजवाल्याचं नाव शोधा म्हटलं तर दमछाक होते. कारण सोपं आहे, पोरगा बिल देत नाही आणि उमेदवार मागत नाही. शिवाय उमेदवाराला मर्यादा आहे, पक्षाला नाही. तेव्हा जड खर्च पक्षाच्या खात्यावर ढकलला की मिटलं.

पेड न्यूजवर, म्हणजे पैसे देऊन छापून आणलेल्या बातमीवर, कुणाची आमदारकी जाते का? एकदा गेलीय. उत्तर प्रदेशात बिसौलीच्या आमदार उमलेश यादव, २००७ च्या निवडणुकीत पेपरात आलेल्या पेड न्यूजचा खर्च हिशेबात दाखवला नाही म्हणून आयोगाने ऑक्टोबर २०११ मधे तीन वर्षांसाठी अपात्र ठरवलं. निवडणूक २००७, निर्णय २०११, म्हणजे टर्म संपत आलेली. आणि ते छापील पेपर होते, कात्रण फाईलला लावता येतं. रील डिलीट केली की काय लावणार?

मला जे अजिबात पटत नाही ते असं. इन्स्टावरची कळंगुटची पोरगी फेसक्रीम दाखवते ना, तिला जाहिरात आहे असं लिहावंच लागतं. जाहिरात क्षेत्राच्याच एएससीआय या स्वनियमन संस्थेने जून २०२१ पासून इन्फ्लुएन्सरना तसा नियम लावला, मग केंद्राच्या ग्राहक खात्याने जानेवारी २०२३ मधे परत सांगितलं, ग्राहक प्राधिकरण फसव्या जाहिरातीला पहिल्या खेपेला १० लाखांपर्यंत दंड करू शकतं. पण हे सगळं विकायच्या मालाला आणि सेवेला. राजकीय जाहिरात एएससीआयच्या कक्षेतच नाही. म्हणजे क्रीमने पिंपल गेले नाहीत तर ग्राहकाला वाली आहे, आणि पाच वर्षांसाठी आमदार गळ्यात पडला तर नाही. तिच पोरगी उद्या उमेदवाराच्या स्कूटर रॅलीत नाचली तर तिला काही लिहायची गरज नाही!

आणि आपणच मागास आहोत असंही नाही. अमेरिकेत २००४ मधे साउथ डकोटा राज्यातून अमेरिकी सिनेटवर जायच्या लढतीत जॉन थून या उमेदवाराच्या प्रचाराने दोन ब्लॉगवाल्यांना पैसे दिले, ते स्थानिक पेपर कसे विरोधकाच्या बाजूचे आहेत यावर धडाधड लिहीत होते, आणि वाचणाऱ्यांना पैशाचं कळलं ते मतदान उरकल्यावर. तिथल्या निवडणूक आयोगाने २००६ मधे इंटरनेटचा नियम केला तो काय, तर प्रचाराने असा खर्च हिशेबात दाखवायचा, पण ब्लॉगवाल्याने आपल्या पानावर सांगायची सक्ती नाही. सक्ती का नको याचं कारण मला थोडं पटतं सुद्धा, उद्या सरकार प्रत्येक लिहिणाऱ्याच्या मागे लागेल, तुझं लेबल कुठे, तुझं डिक्लरेशन कुठे, आणि त्यात बिनपैशाचा बोलणारा आधी भरडला जाईल. आपल्याकडे तर नक्कीच. झोन बदलावर बोलणाऱ्या माणसाला नोटीस आणि पॅकेजवाल्याला सत्कार, असं व्हायला वेळ लागत नाही. म्हणून माझं म्हणणं असं की कायद्याचा दट्ट्या पैसे देणाऱ्यावर ठेवा, उमेदवारावर, पक्षावर, आणि लिहिणाऱ्याने आपल्या लाजेने एक ओळ लिहावी. लाज ही कायद्याने येत नाही हे मला माहीत आहे.

कुणी म्हणेल, बाबा रे, पूर्वी तरी कोण सांगायचं. पूर्वी सांगायची गरज नव्हती! १९६७ च्या जनमत कौलाला गोमन्तक पेपर महाराष्ट्रातल्या विलीनीकरणाच्या बाजूने होता आणि राष्ट्रमत विरोधात, राष्ट्रमतातलं उदय भेंब्रेंचं ब्रह्मास्त्र सदर कुणावर सुटणार ते वाचायच्या आधी लोकांना माहीत असायचं. फूल (विलीनीकरणाची निशाणी) का दोन पानं (विरोधाची), उघड होतं. आमचे आजोबा एक पेपर विकत घ्यायचे आणि दुसरा शेजाऱ्याकडचा वाचायचे, दोघांना शिव्या द्यायचे. बाजू घेणं वेगळं, बाजू भाड्याने देऊन निष्पक्ष म्हणून पाटी लावणं वेगळं.

गोव्यात हे इतकं का टोचतं ते आकड्यात सांगतो. मतदारसंघ ४०, एकेकात साधारण तीसेक हजार मतदार. २०२२ मधे सांत आंद्रेचा निकाल ७६ मतांनी लागला, साखळीत मुख्यमंत्री ६६६ मतांनी निवडून आले, पणजीत फरक ७१६ चा. मुंबईत एखाद्या पेजने काय टाकलं त्याने मतदारसंघ हलत नसेल. इथे एका वाड्यावरची चार कुटुंबं एका व्हिडिओने चिडली तर निकाल फिरतो. आणि हो, मतदानाच्या आधी ४८ तास प्रचार बंद असतो ना, तेव्हा माझी मशीन बंद, लाउडस्पीकर बंद, आणि व्हॉट्सऍपच्या ग्रुपवर तोच व्हिडिओ रात्रभर. व्हॉट्सऍपची लायब्ररी नाही.

बाकी सोयींवर थोडक्यात. गुगलचं पण असंच जाहिरातींचं दफ्तर आहे, यूट्यूबच्या जाहिरातींसाठी, साफसुथरं आहे, पण गोव्यातल्या पेजवाल्यांच्या बाबतीत तिथे मला फारसं काही हाती लागलं नाही. निवडणुकांवर नजर ठेवणाऱ्या एडीआर संस्थेची मायनेता साइट उमेदवाराची मालमत्ता आणि खटले बघायला एक नंबर, पण ती उमेदवाराची कुंडली, पेजवाल्याची नाही. आयोगाचं सीव्हिजिल ऍप तक्रारीला चांगलं, १०० मिनिटांत कारवाई म्हणतात, पण ते आचारसंहिता असतानाच चालतं आणि फोटो जागेवरच काढावा लागतो, गॅलरीतला स्क्रीनशॉट घेत नाही. म्हणजे फेसबुक पोस्टची तक्रार करायची तर ती बायकोच्या फोनवर उघडायची आणि आपल्या फोनने त्या फोनचा फोटो काढायचा!

ऍड लायब्ररीला पाचपैकी तीन स्टार, त्यातला एक फुकट आहे म्हणून. पेजची जुनी नावं बघायला जरूर वापरा, राज्यवार रिपोर्ट महिन्यातून एकदा उघडा, पण तिथे एखाद्या पेजचं नाव आलं नाही म्हणजे ते धुतल्या तांदळाचं असं समजू नका. उलट जो पेजवाला आपल्या नावाने, पैसे भरून, ओळ लावून जाहिरात करतो तो त्यातल्या त्यात सरळ.

वापरणार असाल तर कॉम्प्युटरवर वापरा, मोबाईलवर फिल्टर सापडत नाहीत. आणि तारखेचा फिल्टर आधी लावा, नाहीतर जुनंपानं सगळं एकदम अंगावर येतं.